मायी फायनेसी धीर द्यायला जाते

लोकांना धीर देण्याच्या कामावर मायी फायनेसीला नेमलं, ती खरं तर शिक्षा होती.

झालं असं, की म्हातारा सेटिमाला वारला. हा माणूस जन्मात कधी कुठे वेळेवर पोचला नव्हता. त्याची शवपेटी मात्र दहाच्या ठोक्याला उचलली, आणि रडणाऱ्या बायकांच्या रांगेतून फायनेसी म्हणाली, "आज पहिल्यांदाच वेळेवर निघाला गं बाई." तिला वाटलं, आपण मनातल्या मनात बोललो. पण सगळी रांग फिसकन हसली. सेटिमालाची बायकोसुद्धा पदरात तोंड घालून हसली आणि मग दुप्पट रडली.

चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष मायी दोरिका तेवढी हसली नाही. पुढच्याच गुरुवारी सभेत ती उठली. पांढऱ्या ब्लाउजची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली, आवाज मधासारखा. "फायनेसीच्या जिभेला प्रभूनं धार दिलीय. ती सत्कारणी लागली पाहिजे. लायटन चिमोम्बोंच्या घरी यापुढे ती भेटीला जाईल. त्यांना धीर देईल."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. लायटनच्या घरून पाच जणी पळून आल्या होत्या.

लायटन तीस वर्षं वरच्या जंगलात पाइनचे ओंडके कापणारा माणूस. खांदे दारातून तिरके करून आत न्यावे लागायचे. पाच महिन्यांपूर्वी करवत ओढता ओढताच लकव्यानं कोसळला आणि उजवं अंग गेलं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, हात हलवा, रोज चाला, बरंचसं परत येईल. लायटननं ऐकून घेतलं, घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. मंडळातल्या बायका गेल्या, स्तोत्रं म्हटली, त्याच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केल्या. तो डोक्यावरून घोंगडी ओढायचा. पाचवीला मात्र त्यानं उत्तर दिलं. म्हणाला, "तुमच्या गाण्यापेक्षा लकवा बरा."

पहिल्या दिवशी फायनेसी बायबल घेऊन गेली. तासभर वाचलं. घोंगडी हलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. लायटनची मुलगी लिनेसी चहा घेऊन आली नि कुजबुजली, "मायी, वाईट वाटून घेऊ नका. ते माझ्याशीही बोलत नाहीत."

घरी जाताना फायनेसी स्वतःवरच चिडली होती. तिलाही आपला आवाज ऐकवत नव्हता. दोरिकाची नक्कल केल्यासारखा गोड आवाज काढत होती ती, आणि तिला तो मुळीच शोभत नव्हता.

त्या संध्याकाळी तिनं फडताळावरून बावोची फळी खाली काढली. चार रांगांचे खळगे, बाजूला पिशवीत बिया. गावात बावो पुरुषांनी झाडाखाली बसून खेळायचा. पण फायनेसीच्या नवऱ्यानं तिला स्वयंपाकघरात, दार लोटून शिकवला होता आणि पुढे बावीस वर्षं तो तिच्याकडून दार लोटूनच हरत होता. तो गेल्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून फळीवर राजमा वाळत असे. तिनं राजमा झटकला, फळी पुसली आणि दुसऱ्या दिवशी कमरेला नेसायच्या कापडात, चितेंज्यात, गुंडाळून काखेत मारली.

लायटन भिंतीकडे तोंड करून होताच. आज फायनेसी बायबलशिवाय आली होती. खाटेशेजारी चटईवर बसली, बिया मांडल्या आणि एकटीच दोन्ही बाजूंनी खेळायला लागली. टक, टक, टक. एकेका खळग्यात एकेक बी पेरत जायची, समोरच्याच्या बिया मारायच्या. आपल्या बाजूनं ती झकास खेळत होती. समोरच्या बाजूनं मुद्दाम गाढवासारखी.

"आता बांबो लायटन इथून खेळतील," ती स्वतःशीच पण मोठ्यानं, थोरामोठ्यांना द्यावा तसा मान देत म्हणाली. "वा! सगळ्या बिया माझ्यापुढे आणून ओतल्या. किती भला माणूस."

घोंगडीची कड जराशी हलली.

"आता पुन्हा बांबो लायटन. अरेरे. इथून? यांना कुणी शिकवलं म्हणायचं? बकरीनं?"

टक, टक.

"तिथून नाही, मूर्ख बाई!" घोंगडी फेकली गेली. "डावीकडून तिसरा! डावीकडून!"

लिनेसी चुलीपासून धावत आली आणि दारातच उभी राहिली.

"मला काय कळतं," फायनेसी म्हणाली. "तुम्हीच खेळा ना. तो हात काय शोभेला ठेवलाय?"

त्यानं डावा हात पुढे केला.

"डावा नको. डावखुऱ्यांशी मी खेळत नाही."

"उजवा चालत नाही!"

"मग तुमच्या बाजूनं बकरीच खेळू दे."

उजवा हात बीपर्यंत पोचायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात लिनेसीचा लापशीचा टोप उतू गेला. चार बिया सांडल्या, एक खळग्यात पडली. फायनेसीनं मदत केली नाही. तिनं त्याच्या बाजूच्या तीन बिया मारल्या आणि जाताना हात जोडून प्रार्थना केली. "प्रभू, हा माणूस आज वाईट हरला. उद्या याला थोडी अक्कल दे. आमेन."

"असली प्रार्थना कुठे असते का?" लायटन ओरडला.

"उद्या जिंका, मग दुसरी करीन."

मंडळानं नेमलेली भेट मंगळवार-शुक्रवारची होती, ती रोजची झाली. फायनेसी दर दिवशी चटई थोडी पुढे सरकवायची. पहिल्यांदा खाटेपासून हातभर, मग दारापाशी, मग उंबऱ्यावर, शेवटी अंगणात पीचच्या झाडाखाली. कारण प्रत्येक वेळी वेगळं. आत ढेकूण आहेत, इथे उजेड नाही, तिथे धूर येतो. लायटनला सगळं कळत होतं. शिव्या देत, काठीवर रेलत तो चटईच्या मागे मागे येत राहिला. आणि फायनेसी फसवत होती, हेही खरंच. तो खायला ठेवलेल्या शेंगदाण्यांकडे वळला, की हिची एक बी या खळग्यातून त्या खळग्यात. तो पकडायचा, ती देवाशपथ नाही म्हणायची, मग स्वतःच जीभ चावायची.

अडचण गुरुवारची होती. सभेत प्रत्येकीनं उठून सांगायचं, कुणाकडे गेले आणि कुठल्या वचनावर मनन केलं. फायनेसीची पाळी आली. खोटं बोलायचं नव्हतं. खरं बोलायची सोय नव्हती.

"येशूनं सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर," ती म्हणाली. "पेरणीवरच, सगळा वेळ."

"रोज?" दोरिकानं विचारलं.

"रोज. बांबो लायटनना त्यात फार गोडी लागलीय. कुठलं बी कुठे पडलं, यावर वाद घालतात."

हे पाळक मकावांच्या कानावर गेलं. तरुण, सडपातळ, चांगुलपणानं ओथंबलेले पाळक. रविवारी त्यांनी ते सगळ्या मंडळीला सांगितलं. "एक बहीण," ते म्हणाले, आणि सगळी डोकी फायनेसीकडे वळली, "तेवीस दिवस एकाच दाखल्यावर थांबली. आपण एका दिवसात कंटाळतो!" फायनेसीनं इतकी मान खाली घातली, की शेजारणीला वाटलं, नम्रतेनं घातली.

शुक्रवारी पाळक आणि दोरिका न सांगता लायटनच्या घरी निघाले. त्या मननाला आपणही थोडा वेळ बसावं, असं पाळकांच्या मनात आलं होतं.

कुंपणापाशी पोचले तर आतून आवाज आला. "चोर! चोर बाई! ती बी इकडे टाक!"

"रडा आता," हा फायनेसीचा आवाज. "करवत ओढणारे म्हणे. बोरं वेचायची तुमची लायकी!"

पाळक फाटकात थबकले. झाडाखाली लायटन लालबुंद झाला होता. फायनेसीनं बी मुठीत धरून हात पाठीमागे नेला होता. आणि तिचं मनगट पकडायला लायटन उठला. काठी गवतात पडून होती. तो दोन्ही पायांवर उभा राहिला आणि एक पाऊल पुढे आला. मग दुसरं. मग झाडाच्या मुळाला ठेच लागली आणि तो आडवा झाला. कपाळ दगडावर आपटलं.

लिनेसी किंचाळली. रक्त बरंच आलं. पाळकांनी आपला रुमाल दाबून धरला, दोरिकानं पाणी आणलं. फायनेसी मात्र मुठीत बी धरून तशीच उभी होती.

"त्यांचं डोकं फुटलं असतं!" लिनेसी तिच्यावर ओरडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. "मरायचे ते, खेळापायी!"

दोरिकानं फळीकडे पाहिलं, बियांकडे पाहिलं. "पेरणी," ती म्हणाली. तो एकच शब्द फायनेसीला पुरला. भेटीचं काम काढून घेतलं, असं संध्याकाळी निरोपानं कळलं.

चार दिवस फायनेसीनं बटाट्याचे वाफे खुरपले. जिथे तण नव्हतं तिथेही खुरपलं. देवाशी बोलायची तिची पद्धत सरळ होती, पण त्या दिवसांत शब्द जड झाले. "मला वाटलं, तू नेमलंस," ती वाफ्यावर बसून म्हणाली. "दोरिकानं नेमलं होतं, ते मी विसरले. आणि सेवा तरी कसली? मला मजा येत होती. सात वर्षांनी कुणाशी तरी भांडत होते मी. सेवेच्या नावाखाली आपलंच पोट भरत होते." मग एक ढेकूळ फोडून, "त्याचं डोकं कसंय, तेवढं बघ." लायटनकडे जायची तिची हिंमत झाली नाही. मंडळाचा पांढरा ब्लाउज तिनं धुऊन घडी करून ट्रंकेच्या तळाशी टाकला. आता आपल्याकडून हे होणार नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी खालच्या रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. भाड्याची सायकल; तिच्या मागच्या सीटवर लायटन, कपाळाला पट्टी, पोत्यासारखा बांधलेला. फायनेसीच्या घराची वाट चढाची, तिथे सायकल चढत नाही. तिथून तो उतरला आणि चालायला लागला. त्याच्या मागे बावोची फळी डोक्यावर घेऊन पाळक मकावा.

फायनेसी खुरपं टाकून धावली.

"तिथेच थांब!" लायटन खालून गरजला. "हात लावायचा नाही! पाळकसाहेबांनाही सांगितलंय."

दहा पावलं चालायचा, थांबायचा, शिव्या द्यायचा. पाळक प्रत्येक शिवीला डोळे मिटायचे. तेवढ्या वेळात फायनेसीनं चहा टाकला, उकळला, गाळला. तो अजून पेरूच्या झाडापर्यंतच पोचला होता. शेवटी येऊन ओट्यावर टेकला आणि बराच वेळ नुसता धापा टाकत राहिला.

"डोकं कसंय?" तिनं विचारलं.

"होतं तसंच. रिकामं." त्यानं चहा घेतला, उजव्या हातानं. थोडा सांडला. "चार दिवस पाळकसाहेब माझ्याशी खेळताहेत. फार चांगले आहेत. मी रोज जिंकतो."

"मग बरंय की."

"बरं काय? यांना माझी दया येते!" लायटन ओट्यावर मूठ आपटत म्हणाला. "डाव हातात असला, की मुद्दाम चुकतात. मला काय कळत नाही? सगळं गाव माझ्याकडे मेल्यासारखं बघत होतं, मायी. तू एकटी अशी, की मला लुटत होतीस. लुळ्या माणसाला कुणी लुटतं का? तेव्हा मला वाटलं, म्हणजे आपल्यात अजून लुटण्यासारखं काहीतरी उरलंय."

तिनं चितेंज्याचं टोक डोळ्याला लावलं.

"मी पडलो, मी पडलो, असं सगळे म्हणतात," तो म्हणाला. "पडायच्या आधी उभा होतो ना? ते कुणी बोलत नाही."

"मी पाहिलं होतं," पाळक हळूच म्हणाले. ते फळी मांडीवर घेऊन बसले होते, कान लाल झाले होते. "दोन पावलं. मी मायी दोरिकांनाही तेच सांगितलं. मायी, तुम्ही मला पुलपिटावर तोंडघशी पाडलंत, त्याचा मला राग आलाय. तो आठवडाभर राहील. पण तुम्ही जाणं बंद करू नका. मला धीर द्यायला येत नाही, असं दिसतंय. मी नुसता गोड बोलतो."

"तुम्ही जरा वाईट खेळायला शिका," लायटन म्हणाला. "म्हणजे, चांगलं."

फायनेसीनं नाक पुसलं. "मांडा," ती म्हणाली. "बोलायला आलात की हरायला?"

ते तीन डाव खेळले. पहिले दोन तिनं जिंकले. तिसऱ्यात लायटननं तिच्या अकरा बिया एका फेरीत मारल्या, थरथरत्या उजव्या हातानं, एकेक करून, पाळकांना मोठ्यानं मोजायला लावून. फायनेसी म्हणाली, यानं फसवलं. पाळक म्हणाले, मी पूर्णवेळ बघत होतो, फसवलं नाही. तरी तिनं वाद घातला. सायकलवाला खालून घंटी वाजवत होता, तो वैतागून वर आला आणि त्यानंही लायटनचीच बाजू घेतली.

दोरिकानं काम परत दिलं, पण एका अटीवर: मंडळाचा ब्लाउज घालून बावो खेळायचा नाही. फायनेसीनं ते मान्य केलं. बाहेर पडताना दोरिकानं तिला दाराआड गाठलं आणि इकडेतिकडे बघून विचारलं, "तो अकरा बियांचा डाव नेमका कसा असतो गं?"

पुढच्या महिन्यात एका रविवारी लायटन उपासनेला आला. घरून निघाला तेव्हा उन्हं नुकती चढत होती. देवळाच्या दारात पोचला तेव्हा गायकवृंद उभा राहिला होता. दारापासून बाकापर्यंत मधल्या वाटेनं साधारण तीस पावलं. मंडळीतले दोन वडीलधारे त्याला धरायला उठले. बायकांच्या बाजूनं फायनेसीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पुन्हा बसले. पाळक पुलपिटावरून अर्धे खाली आले होते. तिनं त्यांच्याकडेही पाहिलं. ते परत वर गेले.

गीत संपलं. लायटन अजून मध्यावरच होता. गायकवृंदाच्या म्होरक्यानं क्षणभर पाहिलं आणि पहिल्या कडव्यापासून पुन्हा सुरू केलं. दुसऱ्यांदा संपलं तेव्हा चार पावलं उरली होती. मग सगळ्या मंडळीनं तिसऱ्यांदा म्हटलं, मुलं टाळ्या वाजवत होती आणि घामानं निथळत लायटन बाकावर येऊन बसला. शेजारच्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"किती लांब बांधलंय हे देऊळ," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि मग टोपी काढून मांडीवर ठेवली.