गार पातेलं आणि रिकामं रीळ

"हात गार असेल तर त्या ऑक्सिमीटरचा आकडा धरू नकोस. आधी तापमान बघायचं, मग बाकीचं." मासेकाकांनी मला हे जिन्यात, सहा पायऱ्या वर उभं राहून सांगितलं होतं. मी मास्कच्या आड हसले आणि म्हणाले, "काका, आम्ही मासे नाही."

हे उत्तर मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. नवऱ्याला फोनवर मी ते दोनदा ऐकवलं.

मासेकाका आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. आयुष्यभर नकाशे काढायची नोकरी केली, निवृत्तीनंतर मासे पाळले. घरात काचेच्या सात टाक्या आणि एक जाड वही. प्रत्येक टाकीची दिवसातून दोनदा नोंद: वेळ, पाण्याचं तापमान, मासे खातायत की नाही. साथ आली तेव्हा त्यांनी तीच वही इमारतीला लावली. ज्या घरात ताप किंवा म्हातारं माणूस, त्या घराला सकाळ-संध्याकाळ फोन. ताप किती, ऑक्सिमीटरवर प्राणवायू किती, जेवले का. रकान्याच्या डोक्यावर छापलेलं "टाकी क्र." मात्र त्यांनी खोडलं नव्हतं. आम्ही टाकी क्रमांक चार.

मी कशी होते तेही सांगून टाकते. नवरा दुसऱ्या गावी कामावर अडकलेला, घरी दीड वर्षाची लेक, सासूबाई आणि मी. मी टोमॅटो साबणाने धूत होते. दाराची कडी पुसायची आणि मग ज्या फडक्याने पुसली ते फडकं पुसायची. पदवी रसायनशास्त्राची. अशी बाई फसणार नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर मलाही तसंच वाटत होतं.

त्या रविवारी खालच्या अंगणात श्वासगुरू आले. खडूच्या गोलांत माणसं उभी, गॅलऱ्यांतून माणसं लोंबलेली. मधे टेबल, त्यावर स्टीलचं मोठं पातेलं, टेबलाखाली झाकणाचा पांढरा डबा, आणि पांढऱ्याच कपड्यांतले गुरू.

"श्वास म्हणजे काय? आत जाते ती हवा, बाहेर येते ती शंका," ते म्हणाले. "यंत्र नुसता आकडा दाखवतं. आमचा खडा आकडा वाढवतो. या, आधी हात शुद्ध करा."

एकेकाने पातेल्यात दोन्ही हात बुडवायचे आणि गुरूंनी शंभर आकडे म्हणेपर्यंत ठेवायचे. मग बोटाला ऑक्सिमीटर. दूधवाल्याचा आकडा आला अठ्ठ्याऐंशी. धडधाकट माणूस, रोज चार मजले चढणारा, जागच्या जागी पांढरा पडला. गुरूंनी त्याच्या तळव्यांत काळा गुळगुळीत खडा ठेवला. "चोळा. जोरात. श्रद्धेने." पाच मिनिटं त्याने चोळला. आकडा सत्त्याण्णव. अंगणभर एक सुस्कारा फिरला.

मी पुढे गेले. फडकं पुसणारी मी, वीस जणांनी हात घातलेल्या पाण्यात निमूट हात बुडवून उभी राहिले. पातेल्याच्या बाहेरून थेंब ओघळत होते. मी विचारलं, तर गुरू म्हणाले, "ते ऊर्जेचं दव." मी मान डोलावली. गार भांड्याला बाहेरून पाणी का सुटतं, यावर मी परीक्षेत पाच गुणांचं उत्तर लिहिलेलं आहे.

माझा आकडा नव्वद आला. चोळल्यावर अठ्ठ्याण्णव. मी दोन खडे घेतले. कितीला ते विचारू नका.

मंगळवारी सासूबाईंना ताप आला. मी त्यांना मागच्या खोलीत ठेवलं, दाराशी ताट ठेवायचे, मास्क लावून आकडा बघायचे आणि खडा चोळायला लावायचे. काकांचा फोन घेणं मी सोडून दिलं. त्यांचं ते "हात गरम आहे का" ऐकलं की चीड यायची. आता आपल्याकडे उपाय आहे, नोंदी कशाला?

गुरुवारी दुपारी आकडा एक्क्याण्णव होता. चोळल्यावरही एक्क्याण्णव. मी गुरूंना फोन लावला.

"माताजी श्रद्धेने चोळत नाहीत," ते म्हणाले.

मी खोलीच्या दाराशी जाऊन हेच सांगितलं. "आई, जरा मनापासून चोळा ना."

सासूबाई धापा टाकत होत्या. दोन शब्दांच्या मधे थांबून म्हणाल्या, "अगं... हात सोलले... मन कुठून आणू?"

आणि मी, देवा, मी त्यांना म्हणाले, "अजून पाचच मिनिटं."

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर जिन्यावर काका, हातात वही. "टाकी चारच्या पाच नोंदी रिकाम्या आहेत. नोंद रिकामी राहिली की मी टाकी बघायला जातो. काय झालंय?"

"काही नाही. आईंचा आकडा जरा कमी आहे. चोळणं नीट होत नाहीये."

"किती?"

"नव्वद-एक्क्याण्णव."

"त्यांचा हात गार की गरम?"

"तासभर चोळतायत, काका. गरमच आहे."

काकांनी वही मिटली. "मग तो आकडा खरा आहे, पोरी. गार हाताचा असता तर मी पुन्हा बघ म्हटलं असतं. डॉक्टरांना फोन कर. आत्ता. मी गाडीचं बघतो."

संध्याकाळी सासूबाई दवाखान्यात होत्या, नाकाला प्राणवायूची नळी. डॉक्टरीणबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "सकाळी आणायला हवं होतं." त्यांना सकाळी मी काय करत होते ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

रविवारी गुरू पुन्हा आले, या वेळी सावलीसाठी टेबल आमच्याच गॅलरीखाली. मी आणि लेक घरात बंद, म्हणून मी गॅलरीतून बघत होते. पहिले हात पातेल्यात जाणार, इतक्यात माझ्या डोळ्यांसमोरून एक दोरी खाली सरकली. टोकाला माशांच्या टाकीचं थर्मामीटर. ते अलगद पातेल्यात उतरलं, जरा थांबलं आणि वर गेलं.

"चार अंश," वरून काकांचा आवाज आला. "माझे मासे यात तासभरही जगणार नाहीत."

"ती ऊर्जेची शीतलता आहे," गुरू म्हणाले.

"असेल. डब्याचं झाकण काढा कोणीतरी."

दूधवाल्याने काढलं. आत बर्फ.

"गार हातात रक्त कमी येतं," काका सांगू लागले. "यंत्राला नीट दिसत नाही, खोटा कमी आकडा येतो, कधी येतच नाही. हात काहीही चोळून गरम करा, आकडा जागेवर येतो. शिवणवाल्या ताई, तुमच्याकडे काय आहे?"

हौसेने शिवणकाम करणाऱ्या या ताईंनी अख्ख्या इमारतीचे मास्क शिवले होते. त्यांनी खिशातून लाकडी रिकामं रीळ काढलं. पातेल्यात हात, आकडा सत्त्याऐंशी. पाच मिनिटं रीळ चोळलं, आकडा अठ्ठ्याण्णव.

"खड्यापेक्षा एकाने जास्त," ताई दूधवाल्याला म्हणाल्या. "आणि वर दोरा गुंडाळता येतो."

लोक हसले. मला हसू येईना. मी गॅलरीतून ओरडून सांगितलं, सगळं. सोललेले हात, "मनापासून चोळा", सगळं. आकडा वाढला तर खड्यामुळे, नाही वाढला तर आपल्या श्रद्धेमुळे. म्हणजे खडा कधी हरतच नव्हता. हरायच्या होत्या फक्त माझ्या सासूबाई. जो उपाय कधी चुकूच शकत नाही, त्याला दारात उभं करू नका, आणि कमी आकडा दिसला तर डॉक्टरांना विचारा. मी बोलून होईपर्यंत गुरूंनी टेबल आवरलं होतं.

सासूबाई अकराव्या दिवशी परत आल्या. गालफडं बसलेली, जीभ शाबूत. मला म्हणाल्या, "खडा कुठाय? दाराला लावू, वाऱ्याने आपटतं." मग जिन्यातून काकांची वही मागवली, चष्मा लावून पानं उलटली.

"चौदा घरं आहेत. यात तुमचं कुठाय?"

"माझं काय वहिनी, मी रोज असतोच की."

"ताप यायच्या आधी मीही तेच म्हणत होते," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हापासून वहीत पंधरावी ओळ आहे, आणि ती मी भरते. सकाळी आठला फोन लावते. ताप किती, आकडा किती, जेवलात का, हात गरम आहे का.

तुमच्या आसपासही असं कोणी असेल. मास्क शिवणारं, यंत्रं दुरुस्त करून देणारं, सगळ्यांना फोन करणारं. त्यांची ओळख तुम्ही त्यांच्या छंदावरून चेष्टेने सांगत असाल, मी सांगायचे तशी. त्यांना आज कोणी विचारलंय का, ते बघा. हे वाचून झालं असेल तर आत्ताच फोन लावा.