मावशीची साक्ष

चर्चमधल्या फादरांचे झगे आणि वेदीवरची वस्त्रं गेली सव्वीस वर्षं मावशीच शिवत होती. चर्चसमोरच्या गल्लीत तिचं दुकान. एक मशीन, एक लांब टेबल. सगळी गल्ली तिला मावशी म्हणे, पण सख्खी भाची एकच, बारकी. बहीण गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं होतं.

एके सकाळी पेपरात जुन्या फादरांचा फोटो आला. लहानपणी त्यांनी आपल्यावर अत्याचार केले, अशी पाच बायकांनी तक्रार केली होती. बिशपना सारं ठाऊक होतं. त्यांनी नुसती बदली करून प्रकरण दाबलं होतं. मावशीने मशीन थांबवलं. तिला नवल वाटलं नाही. तिला हे एकदा कुणीतरी सांगितलं होतं.

अकरा वर्षांची बारकी याच टेबलाशी उभी राहून म्हणाली होती, "मला फादरांकडे शिकवणीला नाही जायचं. ते दार लावून घेतात."

मावशीने तिच्या थोबाडीत मारली होती. "देवमाणसाबद्दल असं बोलतात?"

बारकी पुन्हा त्यावर चकार शब्द बोलली नाही. अठराची झाली आणि वेगळी खोली घेऊन राहायला गेली.

त्या दुपारी मावशी बारकीच्या चष्म्याच्या दुकानात गेली. बारकी एका फ्रेमचा बारीक स्क्रू पिळत होती.

"काय गं, चष्मा लागला का तुला?"

"पंधरा वर्षांपूर्वीच लागायला हवा होता," मावशी म्हणाली. "तू खरं बोलत होतीस आणि मी तुला मारलं. चुकलं माझं."

बारकीने मान वर केली नाही. "अजून जातेस चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेला?"

"जाते. आत्ताही तिथेच बसून आले. प्रार्थनेचा एक शब्द तोंडातून फुटेना. उठावं म्हटलं, तर उठवेना. फादर कसेही निघोत, क्रुसावरच्या त्याला सोडून मी जाऊ कुठे? मला दुसरं घर माहीत नाही गं."

"तुझा देव तुला लखलाभ. पण माफी अशी कानात कुजबुजून नको मला. तेव्हा मला खोटी ठरवलंस, आता चारचौघांत खरं सांग. माझं नाव घे खुशाल."

रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये या प्रकरणावर सभा होती. "घरची घाण चव्हाट्यावर कशाला?" असं चर्च मंडळाचे चिटणीस म्हणाले, तशी मावशी उठली. बारकी काय म्हणाली होती, आपण काय केलं होतं, सगळं तिने सांगितलं. "बिशपनी लपवलं म्हणून आपण बोटं मोडतोय. मीही लपवलंच की. तेही पोरीला गप्प बसवून."

लोक उठून गेले, दोन बाकं रिकामी झाली. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाईंनी, मावशीच्या तीस वर्षांच्या मैत्रिणीने, तोंड फिरवलं. पुढच्या आठवड्यात झगे दुसऱ्या शिंप्याकडे गेले. नवे फादर मात्र स्वतः दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मावशी, तुमचं म्हणणं मी लिहून घेतो. या प्रकरणासाठी चौकशी समिती नेमली आहे, तिच्यापुढे याल?"

"बारकीला विचारते," मावशी म्हणाली.

बारकी हो म्हणाली, स्वतःही सांगायला तयार झाली. समितीच्या कचेरीत मावशी बाहेरच्या खुर्चीवर बसली होती. तासाभराने दार उघडलं. बारकीचे डोळे लाल होते. "आत ये," ती म्हणाली. "त्या दिवशीचं तू सांग. मला परत नाही सांगवत."

मावशीने काही न गाळता सांगितलं, थोबाडीत मारल्याचंसुद्धा.

बाहेर पडून दोघी रस्त्याला लागल्या तेव्हा बारकी म्हणाली, "मी काही येणार नाही हं तुझ्या चर्चमध्ये."

"मी कुठे म्हणतेय?"

"आणि माझ्यासाठी तिथे काही मागूही नकोस."

"मागत नाही. तुझं नाव घेते आणि गप्प बसते."

बारकीने जरा विचार केला. "तेवढं चालेल," ती म्हणाली. "चल, काहीतरी खाऊ. सकाळपासून पोटात काही नाही."