दुसरं सूत्र

डेल्फीन ओक्वाँ माझी सव्वीस वर्षांपासूनची मैत्रीण आहे, आणि त्यातली पंचवीस वर्षं मी तिच्यावर जळते आहे. मधलं एक वर्ष ती बर्लिनला होती.

वॉशिंग्टनमध्ये रविवारी सकाळी दोन प्रकारची माणसं लवकर उठतात, चर्चला जाणारी आणि टीव्हीवर राजकारण बोलणारी. आमचा कार्यक्रम दहाला, थेट. गोल टेबलाभोवती चौघं. मधल्या खुर्चीत हार्लन टिबेट्स, तो प्रश्न विचारणार. बाजूला मॉर्ट स्क्लार, डेल्फीन आणि मी, रोवीना स्टुकेल. चौघांची वयं मिळून अडीचशेच्या वर भरतात, म्हणजे देशाच्या वयाच्या जवळपासच.

हार्लन जूनमध्ये निवृत्त होणार होता. मॉर्टने आधीच सांगून टाकलं होतं, "माझ्या गुडघ्यांना आता खुर्ची नको, पलंग द्या." राहिलो आम्ही दोघी. वाहिनीच्या प्रमुख, व्हँडरमोलनबाई, त्या महिन्यात दर रविवारी काचेपलीकडे येऊन बसायच्या आणि काहीतरी लिहून घ्यायच्या. काय लिहितात ते दिसावं म्हणून मी चष्म्याचा नंबरसुद्धा बदलून आणला. दिसलं नाही.

मला ती खुर्ची हवी होती. उगाच आढेवेढे घेत नाही. मी कॉलेज पाहिलेलं नाही. ओहायोतल्या एका छोट्या पेपरात मी निधनवार्ता टाईप करायचे. मेलेल्या माणसाचं नाव चुकलं तर त्याची बायको दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन उभी राहते, तिथे मी बातमी शिकले. डेल्फीन मात्र शिकून-सवरून आलेली, लुईझियानाच्या वकिलाची मुलगी, तीन भाषा बोलणारी. तिचं हसणं असं की सिनेटर लोक आपण होऊन तिला काहीबाही सांगून टाकतात. मी विचारलं की त्यांना मीटिंग आठवते.

आमच्या कार्यक्रमाची एक रीत आहे. सगळ्यात शेवटी प्रत्येकाने अशी एक बातमी द्यायची जी बाकीच्या तिघांकडे नाही. हार्लन त्याला शेवटचा घास म्हणतो. हा घास आधी एकमेकांना दाखवायचा नाही, विचारायचाही नाही. आणि नाव न सांगता बातमी द्यायची असेल तर ती दोन माणसांकडून आलेली पाहिजे, एकमेकांकडून न ऐकलेल्या दोन माणसांकडून. मी स्वतः नव्या पोरापोरींना शिकवत आलेय: कोणी "हो, खरं आहे" म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्या रविवारी माझ्याकडे घास नव्हता. होतं ते शिळं होतं.

साडेनऊला मी तोंडाला पावडर लावून बाहेर पडले तर बोळात, पाण्याच्या यंत्रामागे, डेल्फीन फोनवर. पाठ माझ्याकडे. "मंगळवारच ना? सकाळी सांगितलंत तसंच?" ती म्हणाली. "दूत राजीनामा देतोयच? आणि मस्कतच्या बोलण्यांचं काय मग? ... नाही हो, आज नाही बोलणार. तुम्ही एकटेच सांगताय. दुसरं कोणी मिळेपर्यंत मी गप्प."

इंग्रजीत मत्सराचा रंग हिरवा म्हणतात; माझा मात्र काळाकुट्ट होता. आखाती देशांशी बोलणी करणारा राष्ट्राध्यक्षांचा खास दूत जातोय, आणि ही बया ते खिशात घालून शांतपणे लिपस्टिक लावायला चाललीय!

मी जिन्यात गेले. माझा एक जुना माणूस आहे. सिनेटच्या परराष्ट्र समितीत तीस वर्षं काढली, आता घरामागे टोमॅटो लावतो. त्याचं नाव मी आजही सांगणार नाही. माळीबुवा म्हणू.

"बुवा, दूत जातोय म्हणे?"

"हो गं, मीही तेच ऐकलंय. सकाळीच."

"मंगळवारी?"

"मंगळवारीच."

मी फोन ठेवला. डेल्फीनला सांगणारा एक, माळीबुवा दोन. गणित जमलं. पहिला प्रश्न मी विचारला नाही. बारा मिनिटं उरली होती, आणि काचेपलीकडे व्हँडरमोलनबाई पर्स ठेवत होत्या.

कार्यक्रम छान रंगला. हार्लनने नोव्हेंबरच्या निवडणुकांचं काढलं, तर मॉर्ट म्हणाला, "दोन्ही पक्षांना एकच भीती आहे, की आपण जिंकलो तर काय!" डेल्फीन म्हणाली, "मॉर्ट, तू हे दर चार वर्षांनी म्हणतोस." "मग, दर चार वर्षांनी खरं असतं." युरोपवर बोलणं गेलं. मी म्हटलं, जुने मित्रदेश आता आपल्याशी वयात आलेल्या मुलांसारखे वागतात, समोर हो म्हणतात आणि दार लावून दुसऱ्याला फोन करतात. डेल्फीन हसली. चांगलं बोललं की ती खरोखर हसते, हीच तिची खोड मला सहन होत नाही.

मग जाहिरातींच्या आधी, शेवटच्या घासाची वाट न बघता, मी बोलून टाकलं. "मस्कतच्या बोलण्यांचं विचारताय हार्लन, पण ती करणारा माणूसच मंगळवारी जातोय. मला दोन सूत्रांनी सांगितलं."

हार्लनच्या भुवया वर गेल्या. काचेपलीकडे पेन चाललं. डेल्फीन माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखी.

लाल दिवा विझला. दोन मिनिटं.

"रोवीना," ती वाकून हळू म्हणाली, "तुझं दुसरं सूत्र टोमॅटो लावतं का गं?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आठ वाजता मीच त्याला फोन केला होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मीच सांगितलं त्याला, अन् विचारलं, असं काही कानावर आलंय का."

म्हणजे माझं दुसरं सूत्र डेल्फीनच होती. आणि पहिलंही तीच.

"बोळात ऐकलंस," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

"अगं, सव्वीस वर्षं... मागितलं असतंस तर—"

"दिलं असतंस?"

"नाही," ती म्हणाली. "आज नसतं दिलं."

तेवढ्यावर मला ती पहिल्यांदाच माझ्यासारखी वाटली.

मॉर्ट शेजारून कुजबुजला, "बायांनो, चाळीस सेकंद. भांडायचं असेल तर छोटं भांडा."

"मी काही बोलणार नाही," डेल्फीनने आपले कागद सारखे केले. "तुझं तू बघ."

खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं. गप्प बसले असते तर बातमी कदाचित खरीही निघाली असती. खुर्ची त्या चाळीस सेकंदांत माझ्या इतकी जवळ होती की हात लावता आला असता. पण ओहायोतली ती बायको अशी दारात येऊन उभी राहिली, हातात पेपर घेऊन, आणि हलेच ना.

दिवा लागला.

"हार्लन, मला एक दुरुस्ती करायचीय," मी म्हटलं. "मघाशी मी दोन सूत्रं म्हटलं. एकच आहे. आणि तेही माझं नाही. मी दुसऱ्या बातमीदाराचं बोलणं चोरून ऐकलं. ती बातमी धरू नका."

टीव्हीवर शांतता किती मोठी असते ते घरी बसलेल्याला कळत नाही. हार्लन म्हणाला, "धन्यवाद, रोवीना," ज्या सुरात लोक अंत्यविधीला म्हणतात. व्हँडरमोलनबाईंचं पेन थांबलं होतं. आता लिहायचं काही नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी डेल्फीनला दुसरा माणूस मिळाला, अस्सल, स्वतंत्र. तिने बातमी दिली. मंगळवारी दुपारी दूत गेला. बातमी अक्षरन् अक्षर खरी होती! मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या थंड मॅकरोनीचं अख्खं भांडं संपवलं आणि खऱ्या बातमीला इतक्या शिव्या दिल्या की कोणी खोट्या बातमीला देणार नाही.

माळीबुवांचा फोन आला. "मला विचारायचं होतंस ना, कोणी सांगितलं म्हणून. मी सांगितलं असतं, तुझ्या मैत्रिणीने."

"विसरले, बुवा."

"तू विसरणारी नव्हेस," ते म्हणाले, आणि मग हवापाण्याचं बोलले.

खुर्ची डेल्फीनला मिळाली. तिने स्वतः फोन करून सांगितलं, दुसऱ्याकडून कळू दिलं नाही. मी अभिनंदन केलं. ती म्हणाली, "मनापासून?" मी म्हटलं, "अर्ध्या मनापासून. बाकीचं अर्धं हप्त्याने देईन."

"व्हँडरमोलनबाई म्हणत होत्या, तुला थोडे दिवस विश्रांती द्यावी."

"आणि तू?"

"मी म्हटलं, रोवीना नसेल तर मी कोणाशी वाद घालू? मॉर्टशी? तो मधेच झोपतो." मग म्हणाली, "अजून रागावलेय मी तुझ्यावर. पण रविवारी ये. नऊला."

आता हे उपकार. हे तर खुर्चीपेक्षा जड. मी आरशासमोर तीन वेळा ठरवलं की जायचं नाही, आणि पावणेनऊला पोचले.

हार्लन सव्वासहा फुटांचा होता. खुर्ची त्याच्या मापाची, आणि खाली करायचा दांडा कधीचा गंजलेला. डेल्फीन पाच फुटांपेक्षा थोडी कमीच. ती चढून बसली तेव्हा टेबलावरून रुबाबदार दिसत होती. टेबलाखाली मात्र तिचे पाय हवेत लोंबत होते, शाळेच्या पहिल्या दिवशी बाकावर बसवलेल्या पोरीसारखे. ते फक्त मला दिसत होतं. दोन-तीन सेकंद मी ते अगदी चवीने पाहिलं. कोणाला खोटं सांगू?

"दहा सेकंद," कोणीतरी ओरडलं. डेल्फीनने पाय एकमेकांत अडकवले, सोडवले, पुन्हा अडकवले. घसा साफ केला. युद्धं, चार राष्ट्राध्यक्ष, कशाकशाला न घाबरलेली ही बाई.

माझ्या खुर्चीखाली जुन्या कागदांचं एक खोकं होतं. मी ते टेबलाखालून तिच्याकडे सरकवलं. तिने न बघता त्यावर पाय टेकवले.

पायानेच सरकवलं. हाताने उचलून द्यावं इतकी मी अजून सुधारलेली नाही.