सामान्य माणसाचा अर्थ

काशीने ते इंग्रजी वाक्य दुसऱ्यांदा वाचलं आणि आबांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. वाक्य अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या कोर्टाचं होतं. नरहरने, म्हणजे आबांच्या मुलाने, निकालाचं कात्रण तिकडून पाठवलं होतं. आबा रत्नागिरीतले नावाजलेले वकील. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांचं वाचणं-लिहिणं सुनेकडे, काशीकडे आलं होतं.

तिथला कायदा गोऱ्या माणसाला नागरिक करून घेतो. कुणा पंजाबी शिखाने म्हटलं, आम्ही आर्य, तेव्हा गोऱ्यांतच जमा. न्यायाधीश म्हणाले, पंडितांच्या पुस्तकात काहीही असो. शब्दाचा अर्थ सामान्य माणूस लावतो तोच, आणि सामान्य माणूस काही यांना गोरा म्हणायचा नाही. झालं! त्या निकालाच्या आधारावर नरहरला मिळालेलं नागरिकत्व काढून घ्यायची नोटीस आली. बायकोला तो त्याच नागरिकत्वाच्या जोरावर नेणार होता. त्यासाठी काशी इंग्रजी शिकली होती, परसात बूट घालून चालायचा सराव केला होता, आणि आळीने कुंपणावरून बघत फिदीफिदी हसून घेतलं होतं.

आबांच्या घाऱ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं. केतकी रंगाचा त्यांना भारी तोरा. सामान्य माणूस म्हणजे कोण, तिथला न्हावी नि गाडीवान आमची जात ठरवणार का, कायद्यातला शब्द असा बाजारात सोडून द्यायचा असतो का, असं ते बराच वेळ बोलत राहिले. नरहरने आपल्या बाजूची कैफियत आबांकडूनच लिहून मागितली होती. ती कधी लिहायला घ्यायची, असं काशीने दाराआडून विचारलं.

"घेऊ. आधी विहिरीचं हातावेगळं होऊ दे."

विहिरीचं प्रकरण आळीचं होतं. सार्वजनिक विहिरी सगळ्यांना मोकळ्या असाव्यात असा मुंबईच्या कौन्सिलात ठराव झाला होता. महारवाड्यातल्या भागोजीने, पलटणीतून मेसोपोटेमियाची लढाई करून आलेल्या माणसाने, तो ठराव दाखवून आळीतल्या विहिरीवर पाणी भरायची परवानगी म्युनिसिपालिटीकडे मागितली. आळीने धावत येऊन आबांना वकीलपत्र दिलं.

दुपारी आबा सांगू लागले, काशी लिहू लागली. विहीर म्युनिसिपालिटीची, हे आबांनी कबूल करून टाकलं. मग ते ताठ बसले.

"लिही. 'सार्वजनिक' ह्या शब्दाचा कोशातला अर्थ काहीही असो, सामान्य माणूस त्याचा जो अर्थ लावतो तोच ग्राह्य धरावा. आणि ह्या गावच्या सामान्य माणसाने सार्वजनिक म्हणताना महारांना त्यात कधीच धरलेलं नाही."

टाक थांबला.

"काय गं, शाई संपली?"

"नाही, मामंजी. हे वाक्य त्या कात्रणातलं आहे."

काशीला वाटलं, आता म्हणतील, खोड ते. तिने टाक उचलूनही धरला होता.

"वाक्यात खोट नव्हतीच, सूनबाई," आबा शांतपणे म्हणाले. "ते आपल्याला लावलं, ही खोट."

पुढे बोलावं असं काशीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आबा एकदा रुसले की महिना महिना एक ओळ सांगत नसत, आणि नरहरची कैफियत अजून लिहून व्हायची होती. तिने वाक्य तसंच ठेवलं. अक्षर तिचं सुरेख होतं.

म्युनिसिपालिटीला आबांचं म्हणणं पटलं. घरी पेढे आले. उद्यापासून नरूचं घेऊ, असं आबांनी आपण होऊन सांगितलं.

संध्याकाळी काशी विहिरीवर गेली तेव्हा भागोजीची बायको राही कठड्यापासून लांब, रिकामं मडकं घेऊन उभी होती. कुणीतरी येईल, ओतेल, म्हणून ती रोज अशीच उभी असायची. काशीने मान वर न करता पोहरा सोडला.

"वैनी, तुमी अमेरिकेला कवा जानार?" राहीने विचारलं.

"बघू. त्यांनी घेतलं तर."

"न घ्याया काय झालं?" राही हसली. "तुमी तर गोऱ्यापान."

काशीने मान वर केली. इतके दिवस आपण साता समुद्रापलीकडे शोधत होतो तो सामान्य माणूस हा इथे मडकं घेऊन उभा आहे, आणि त्याचा निकाल कुठल्याच कोर्टात चालायचा नाही. तिला भडभडून आलं. राहीला वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने आलं असेल. तिने मडकं खाली ठेवलं आणि सवयीने चार पावलं मागे सरकली.

काशीने डोळे पुसले, भरलेला पोहरा वर घेतला आणि शिंतोडा आपल्या अंगावर उडू नये म्हणून रोजच्यासारखा उंच धरून ओतला.