पाटीवर उरलं ते ‘राख’

सकाळी सकाळी हरीचं डोकं सटकलं, आणि त्याला कारणही तसंच होतं. आंघोळ सोडाच, घरात चहापुरतं पाणी नव्हतं. मोरीतलं पिंप तळाला गेलेलं, आणि दारासमोरून पाण्याचा टँकर घरघरत डोंगराकडं चाललेला.

"टँकर आला ना? मग हंडे का नाय लावलेस गो?" त्यानं बायकोला आवाज दिला.

"तो आपला नाय," विनोदिनी चुलीपुढून म्हणाली. "भेकरांचा हाय."

खरंच होतं ते. उमरठच्या पुढं डोंगराच्या अंगाला ही वाडी. मध्यंतरी वाडीमागचं रान भेकरांसारख्या वन्यजीवांसाठी राखीव झालं. तारेचं कुंपण आलं, फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं, आणि वाडीचा झरा कुंपणाच्या आत गेला. आता जनावरांना उन्हाळ्यात प्यायला म्हणून आत सिमेंटचे पाणवठे बांधलेत. ते भरायला पोलादपुराकडून टँकर येतो. माणसांचा टँकर कधी येतो, ते त्या टँकरवाल्यालाच माहीत.

हरी धावत जाऊन टँकरपुढं उभा राहिला. ड्रायव्हरच्या बाजूला वनरक्षक अश्विन बसलेला. खालच्याच गावातला पोरगा, हरीबरोबर कबड्डी खेळलेला.

"एक हंडा भरून दे रे."

"नाय देता येत हरीदादा. साहेब पाणवठा बघायला येतात."

"भेकरू मतदानाला येतं काय रे? त्याचं रेशनकार्ड हाय?"

"दादा, माझी नोकरी नको खाऊस."

"मग झऱ्याकडचं फाटक तरी उघड."

"माणसांची ये-जा झाली की जनावरं बुजतात. वरून हुकूम हाय."

"आणि परवा मुंबईच्या पाहुण्यांच्या जीपा आत गेल्या, त्या काय हवेतून गेल्या? त्यांना बघून भेकरं नाचली?"

अश्विननं ड्रायव्हरला खूण केली. टँकर निघून गेला. मागच्या नळातून पाणी ठिबकत होतं, त्याची रस्त्यावर रेघ पडत गेली, आणि वाडीतल्या कोंबड्या त्या रेघेला चोची मारायला लागल्या. हरीला ते बघवलं नाही.

दिवसभर तो धुमसत होता. उन्हं उतरली तसा काडेपेटी खिशात टाकून डोंगराकडं निघाला. वाडीला त्यात नवल नव्हतं. शिमगा झाला की डोंगराला वणवा लावायचा, ही तिथली जुनी रीत. जुनं जळलं की पावसात गवत जोमानं येतं, असं सगळे मानतात. कुंपण आलं तरी कुणी ना कुणी चोरून लावतंच. फरक इतकाच, की आज हरीला गवत नको होतं.

फाटकाशी ‘राखीव वन्यजीव क्षेत्र’ अशी पाटी होती. मागं एकदा हरीनंच रागानं तिच्यावर धोंडा मारला होता. त्यात ‘राखीव’ची वेलांटी आणि ‘व’ उडून गेला.

त्यानं काडी काढली, तेवढ्यात मागं रिकामा हंडा वाजला. विनोदिनी उभी होती.

"ती पाटी वाचा," ती म्हणाली.

"मला येतं वाचायला."

"मग वाचा की. पयल्या शब्दाचं काय उरलंय?"

"राख."

"कंची राख? जळल्यावर उरते ती, का सांभाळून राख म्हणतात ती? काडी तुमच्या हातात हाय. तुमीच ठरवा."

"ज्या रानाचं पाणी आपल्याला नाय, ते जळू दे ना मग."

"अवो, मी लग्न करून आले तवा हा झरा वैशाखात पण वाहायचा. आता शिमग्यालाच करंगळीएवढा होतो. कुंपणानं आटवला काय? आपणच दर साल डोंगर जाळला. झाडोरा गेला, माती उघडी पडली. पावसाचं पाणी इथं ठरतच नाय, धावतं सावित्री नदीत. तिकडं महाडात दुकानात शिरतं आणि इथं आपल्या घशाला कोरड. आणि दरड आली तर साहेबाच्या बंगल्यावर नाय येणार. आपल्याच कौलांवर येईल."

"म्हणजे त्यांचं बरोबर?"

"तसं कुठं म्हटलं मी? माणसाला तहानलेलं ठेवून भेकराला पाजतात, ते चूकच हाय. पण त्यांच्या चुकीला आपली चूक जोडली म्हणून काय ती बरोबर होते? भांडायचं ना? मग भांडू. काडी नको, तोंड चालवा. घरात तर लय चालतं."

हरीनं काडी मोडून फेकली आणि तिच्या मागोमाग खाली उतरला.

पुढचा टँकर आला तेव्हा वाडीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन फाटकापुढं रस्त्यात बसलेल्या. त्यांच्यात हरी एकटा पुरुष, मांडीवर हंडा. मागून जीपमधून वनखात्याचे देवव्रत साहेब आले, पुण्याचे, वयानं तरुण.

"ताई, हे सगळं रान राखण्यासाठीच चाललंय," ते म्हणाले.

"राखणं आमालाबी कळतं साहेब," विनोदिनी म्हणाली. "दर वर्षी वेशीवरच्या राखणदार देवाला नारळ, कोंबडा देतो, तवा तो वाडी राखतो. उपाशी राखणदार कुणाचं राखेल? वणवा लागला तर पयलं कोण धावणार? तुमी येईपर्यंत सगळं साफ. आमाला आमचा झरा द्या, रान आमी राखतो. या वाडीतून आता काडी पडणार नाय. ह्यांना विचारा."

सगळे हरीकडं बघायला लागले. हरीनं खिशातली काडेपेटी काढून अश्विनच्या हातात दिली.

"घे. चुलीला दुसरी हाय घरात."

साहेब म्हणाले, "मी वर कळवतो. लेखी आदेश आला की बघू."

झालं. नेहमीचंच. कळवतो आणि बघू. बायकांचे चेहरे उतरले.

तेव्हा अश्विन टँकरमधून उतरला आणि त्यानं फाटकाचं कुलूप काढलं.

"अश्विन, काय करतोस?"

"साहेब, आदेश येईपर्यंत तहान थांबत नाय. ह्या एकाच वाटेनं जातील, मी बरोबर जाईन. काय झालं तर माझ्या नावावर लिहा."

साहेब हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. जीप वळवून निघून गेले.

लेखी आदेश अजून आलेला नाही. फाटक रोज सकाळी उघडतं. झरा अजून करंगळीएवढाच आहे, हंडा भरता भरता कंबर मोडते. वर्षानुवर्षं जाळलेला डोंगर एका उन्हाळ्यात कसा भरून येणार?

तेव्हा लोकहो, रान तारेनं राखलं जात नाही. त्याच्या कडेला राहणारी माणसं ते राखतात. त्यांना तहानलेलं ठेवलं, तर कुणाच्या तरी खिशात काडेपेटी येणारच. आणि ज्याच्या खिशात ती आहे, त्यानंही एवढं ध्यानात घ्यावं की जळतं ते साहेबाचं नसतं, आपलंच असतं.

परवा ती पाटी रंगवायला माणूस आला. हरी त्याला म्हणाला, "राहू दे तशीच."

"अवो, शब्द अर्धाच हाय."

"अर्धा नाय," हरी म्हणाला. "पुरा हाय."