पडवीतलं अंथरूण

“बारकू रोकडेंचं घर ना? मी लोपीस बोलतोय, वसईहून. जरा त्याला फोन द्या.”

हिराबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने सूप बाजूला सारलं.

“ते गेले,” ती म्हणाली. “जानेवारीत. निमोनिया झाल्ता.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तो माणूस रडतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि ती गोंधळली. आपल्या नवऱ्यासाठी कोणी असं रडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती स्वतःदेखील चार लोकांत रडायचं तेवढंच रडली होती.

“आम्ही नेव्हीतले सगळे एप्रिलात कोचीला जमतोय,” लोपीस कसाबसा म्हणाला. “एका जहाजावरचे. तो कधीच यायचा नाही. यंदा येतो म्हणाला होता. वहिनी, त्याच्या जागी तुम्ही या.”

संध्याकाळी पल्लवी कल्याणहून कामावरून आली तेव्हा हिराबाईने तिला फोनचं सांगितलं. जायची काही गरज नाही असंच पोरगी म्हणेल, अशी तिची अटकळ होती. पण पल्लवी चप्पल काढता काढता थांबली. “जाऊया आई. बाबांना ओळखणारं कोणीतरी भेटेल.”

हिराबाईला ते लागलं, कारण ते खरं होतं. इतकी वर्षं एका घरात काढून तिला बारकू उमगला नव्हता. लग्न झालं तेव्हा तो नेव्हीत होता. सुट्टीवर यायचा, हसायचा, तिला मुरबाडला माहेरी घेऊन जायचा. नोकरी संपवून कायमचा घरी आला तो दुसराच कोणी. पहिल्याच रात्री त्याने आपलं अंथरूण उचललं आणि पडवीत नेऊन टाकलं. थंडी असो, पावसाची झड असो, तो पडवीतच झोपला. “आत का नाय येत?” तिने सुरुवातीला विचारलं, तर म्हणाला, “हवा लागते मला.” एवढंच. गावाने त्याचे हवे ते अर्थ काढले. सासू सरळ म्हणाली, “बायको गोड असती तर माणूस दाराबाहेर का झोपला असता?”

पुढे त्याला भातसानगरला धरणावर रखवालदाराची नोकरी लागली. वसाहतीत खोली मिळत होती, पक्की, नळाची. हिराबाईने भांडी बांधायलाही घेतली होती. तो खोली बघून आला आणि नको म्हणाला. पल्लवीच्या वेळी ती दवाखान्यात अडली होती, तर हा आवारातल्या जांभळाखाली उभा. पोर बाहेर नेऊन दाखवली तेव्हा त्याने तिला हातात घेतलं. आत येऊन बायकोची विचारपूस केली नाही. त्या दिवशी हिराबाईच्या मनाने त्याच्याकडे जी पाठ फिरवली ती फिरवलीच. त्यानंतर ती त्याला वाढायची, त्याचे कपडे धुवायची, आणि कामापुरतं बोलायची.

आता निदान त्या लोकांशी तो काय बोलायचा ते तरी कळेल, म्हणून ती निघाली.

कोचीला जुन्या बंदराच्या काठावर, कौलारू गोदामाचं हॉटेल केलेल्या जागी सगळे जमले होते. पांढऱ्या केसांची, पोटं सुटलेली, काठी टेकत चालणारी माणसं एकमेकांना आडनावांनी हाका मारत होती. समोर खाडीत मोठमोठी जहाजं संथ सरकत होती. सकाळी सगळे होडीतून गेले, वारलेल्यांची नावं वाचली आणि प्रत्येकाच्या नावाने फुलं पाण्यात सोडली. ‘रोकडे’ असं ऐकल्यावर पल्लवीचे डोळे भरून आले. हिराबाईने फुलं सोडली आणि ती कुठे जातात ते न बघता ओला हात पदराला पुसला.

जेवायच्या वेळी लोपीस त्यांच्या शेजारी येऊन बसला. उंच, वाकलेला, बोलताना श्वास लागणारा माणूस. मोठ्या मेजाभोवती आणखी सातआठ जण होते. कोणी मल्याळी, कोणी पंजाबी, कोणी आंध्रातले. मराठी एकटा लोपीसच.

“मी अजून लिफ्टमध्ये चढत नाही, वहिनी,” तो म्हणाला. “चार मजले असले तरी जिना. बायको आधी चिडायची. मग तिला सगळं सांगितलं. बारकूचंही तसंच असेल. तुम्हाला तर माहीतच आहे.”

हिराबाईने पल्लवीकडे पाहिलं नाही. “तुमी सांगा,” ती म्हणाली. “त्यांच्या तोंडून अर्धमुर्धं ऐकलंय.”

लोपीसने पाण्याचा पेला हातात धरून ठेवला.

“जहाजाच्या तळाला पंपाच्या खोलीत आम्ही तिघं होतो. मी, बारकू आणि पिल्लै. पिल्लै इथलाच, पोरगाच होता. बाजूच्या कप्प्यात आग लागली. आमच्या डोक्यावरचं लोखंडी झाकण तापून अडकलं. काळोख, आणि धूर असा की हाताला हात दिसेना. आम्ही पान्याने झाकण ठोकत होतो. वरची माणसंही जिवाच्या आकांताने झटत होती, त्यांचे आवाज यायचे. पण ते उघडेना. पिल्लैचा श्वास अडकायला लागला. बारकूने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सांगत राहिला, उघडतायत रे, आता उघडतायत. पिल्लै गेला तरी तो तेच सांगत होता. मी म्हटलं, रोकडे, गेला तो. तर मला म्हणतो, हळू बोल, त्याला ऐकू जाईल.”

त्याने पेला खाली ठेवला.

“बाहेर काढल्यावर तो उघडं दार दिसलं की बाहेर पळायचा. बंद खोलीत ठेवलं की भिंतीला नखं लावायचा. डॉक्टर म्हणाले, जाईल हळूहळू. नाही गेलं. मला फोनवर सांगायचा, लोप्या, पडवीत झोपतो म्हणून जिवंत आहे. बायको काही बोलत नाही, भली आहे.”

पल्लवीने आईकडे पाहिलं.

“एक विचारू?” लोपीस पुढे वाकला. “शेवटी त्रास नाही ना झाला त्याला?”

जानेवारीत बारकूच्या छातीत कफ भरला. शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वारा लागू देऊ नका, उबेत ठेवा. धाऊ दीराने आणि तिने त्याला धरून आतल्या खोलीत नेलं. तो पुन्हापुन्हा उठून बाहेर यायचा. पल्लवीने कामावरून फोन केला, “आई, बाहेरून कडी लाव, नायतर परत पडवीत जातील.” तिने कडी लावली. खिडकीला गोणपाट ठोकला. तो आतून दार वाजवायचा. “हिरे, दार उघड गो.” आयुष्यात कधी त्याने तिची अशी विनवणी केली नव्हती. ती म्हणाली, “डॉक्टरनं सांगितलंय. गप पडा.” दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज थांबला. झोप लागली असेल म्हणून तिने उठवलं नाही. मग पेज घेऊन गेली, कडी काढून दार ढकललं तर ते उघडेना. तो आतून दाराला लागून पडला होता, उंबऱ्याच्या फटीला तोंड लावून.

कडीचं त्या दोघींनी कोणाला सांगितलं नव्हतं. पुण्यानुमोदनाला आलेल्या माणसांनाही नाही.

पल्लवी लोपीसकडे वळली. तिचे ओठ हलले. आता ही बोलणार, हे हिराबाईला कळलं. तिने मेजाखाली लेकीचं मनगट धरलं आणि घट्ट दाबलं.

“नाय,” ती म्हणाली. “काय त्रास नाय झाला. पडवीतच गेले. पहाटं वारा सुटल्ता. झोपेतच.”

लोपीसने डोळे मिटले. पुष्कळ दिवसांचं काही उतरून ठेवावं तसे त्याचे खांदे खाली आले. मग तो मेजाकडे वळला आणि सगळ्यांना हिंदीत सांगू लागला, रोकडे खुली हवा में गया, नींद में, भाभीजी पास में थी. पंजाबी म्हाताऱ्याने मान डोलावली. शेजारच्याने ते त्याच्या शेजाऱ्याला मल्याळममध्ये सांगितलं. तिचे शब्द तिला न कळणाऱ्या भाषांतून मेजाभोवती एकेकाकडे गेले. कोणी हात जोडले, कोणी डोळे पुसले. टोकाला बसलेली एक म्हातारी उठून आली. “पिल्लैची बहीण,” लोपीस हळूच म्हणाला. तिने हिराबाईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काहीतरी पुटपुटली.

“काय म्हनतात त्या?” हिराबाईने विचारलं.

“म्हणते, तुमच्या हातून त्याला सुखाचं मरण आलं.”

म्हातारी जागेवर जाऊन बसली. ताटं वाढलेली होती, पण कोणी हात लावत नव्हतं. हिराबाईला आधी कळेना. मग तिच्या लक्षात आलं, ते तिच्यासाठी थांबले होते. तिने लेकीचं मनगट सोडलं, भात कालवला आणि पहिला घास घेतला.