दुसरी काच

रविवारी सकाळी यशवंतपूरच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. छत्रानंदस्वामींनी काचेवर अर्काचा थेंब टाकला. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या टीव्हीवर यकृताच्या कॅन्सरच्या गोल गरगरीत पेशी भराभर आकसल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पाहा, राक्षस कसा वाळला! हिमालयातली अळंबी आहे ही!"

हिमालयातली म्हणे! बाटली मात्र लोणच्याची, लेबल खरवडलेली.

पहिल्या रांगेत मिरचीचे व्यापारी विठोजीराव डोळे पुसत होते. त्यांना तोच कॅन्सर. "मीठ बंद ठेवा, पोटात पाणी होऊ देऊ नका, वर्षभर निभेल," असं डॉक्टर म्हणाले होते. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या सोडून हा अर्क धरला. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने, रूपश्रीने मात्र टाळी वाजवली नाही. ती प्रयोगशाळेत अशाच पेशी वाढवायची, मोजायची. तिथला रिवाजच होता, औषधाची एक काच असेल तर शेजारी बिनऔषधाची दुसरी हवीच. स्वामींकडे दुसरी काच नव्हती.

घरी आल्यावर तिने पाहिलं, अप्पांचं पोट तट्ट फुगलं होतं.

"स्वल्प खारट लागतो गं अर्क," ते म्हणाले, "पण गुण येतोय!"

मीठ तर डॉक्टरांनी बंद केलं होतं! रूपश्रीने बाटलीतला थोडा अर्क काढून घेतला.

सोमवारी प्रयोगशाळेत तिने अर्काचा थेंब वाळवला. काचेवर मिठाचे चौकोनी खडे उरले. मग तिने पेशी मोजल्या. अर्काने अठरा मायक्रॉनची पेशी बारावर आली. तेवढंच मीठ घातलेल्या साध्या पाण्यानेही बारावरच आली! वरून शरीरात असतं तेवढ्याच मिठाचं द्रावण घातल्यावर दोन्ही काचांवरच्या पेशी पुन्हा टम्म झाल्या, अगदी जिवंत. मिठाने त्यांच्यातलं पाणी ओढून घेतलं होतं, बस्स. बरणीतल्या कैऱ्याही अशाच आकसतात.

पुढच्या रविवारी अप्पांना पहिल्या रांगेत बसवून ती पेशींची काच घेऊन थेट मंचावर चढली आणि घरच्या मिठाचं पाणी त्या काचेवर टाकलं. टीव्हीवर पेशी तशाच आकसल्या.

"स्वामींच्या अर्कात अळंबी नाही, स्वयंपाकघरातलं मीठ आहे! त्यानेच माझ्या अप्पांच्या पोटात पाणी भरतंय. फेका त्या बाटल्या!"

स्वामी गालात हसले. "पाहिलंत, भक्तहो? आमच्या सान्निध्यात मीठसुद्धा औषध झालं!"

पुन्हा टाळ्या! लोक कोपऱ्यावरच्या दुकानातून मिठाच्या पुड्या घेऊन पाया पडायला धावले. असल्या गर्दीपुढे काय कपाळ फोडायचं?

"मला कळलं गं," रिक्षात विठोजीराव म्हणाले. "आता पुन्हा गोळ्या घेतल्या तर?"

"घेऊ या, अप्पा," ती म्हणाली. उशीर झालाय हे तिच्याच्याने बोलवेना.

महिनाभरातच, नवरात्राच्या आधी, ते गेले. मंगल कार्यालयात अजूनही रविवारी गर्दी असते. बाबांनो, टाळ्या वाजवायला हात उचलाल, तेव्हा आधी दुसरी काच मागा. विठोजीरावांनी ती मागितली नाही.